वहिनीच्या अंगातली वीज

जवळा बाजारला स्टँडसमोर माझ्या मोठ्या भावाचा एसटीडी बूथ होता. ऐन पावसाळ्यात त्याला कावीळ झाली, झाडपाल्याच्या औषधात दिवस गेले आणि तोही गेला. मागे वहिनी राहिली. वय जेमतेम बावीस, लेकरूबाळ झालेलं नाही, माहेरी कुरुंद्याला सावत्र आई. ती बूथवर बसली तर आमच्या घरात राहील, नाहीतर माहेरी जाईल, हे कुणी तोंडानं बोललं नव्हतं. पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तर सगळ्यांत आधी.

दसरा झाला आणि वहिनी बूथवर बसली. हिशेबाला चोख, बोलायला गोड. गिऱ्हाइकांपुढं शोभावं म्हणून बाबांनी जुनं लाकडी स्टूल काढून रेक्झिनची खुर्ची आणली. आईनं तिच्यासाठी नायलॉनची फिकी पातळं घेतली, कारण ती विटत नाहीत, फाटत नाहीत. विधवेला अजून काय लागतं, हा हिशेब.

फोन लागला की बिलाच्या मशीनवर लाल आकडे पळायचे. गिऱ्हाईक एकीकडं बोलायचं आणि डोळे आकड्यांवर ठेवायचं. आकडे गेले की धंदा गेला, तोंडी बिल कोण मानतंय! थंडी पडली तशी वहिनीनं बटणाला बोट लावलं की चट्ट आवाज व्हायला लागला. एका दुपारी असाच चट्ट झाला आणि आकडे गेले ते गेलेच. दुरुस्त करून आणलं, तर महिन्याच्या आत पुन्हा तेच.

शेजारचा टेलर म्हणाला, "बाईच्या हातात करंट हाय. नवरा खाल्ला, आता मशीन खाऊन राहिली." उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण अशा बोलण्याला पाय फार. चार दिवसांत गिऱ्हाइकं तिच्या हातून सुटे पैसेसुद्धा घेईनात. गल्ल्याजवळ ठेव, म्हणायची.

नांदेडहून मेकॅनिक आला. त्यानं मशीन उघडायच्या आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, मग वहिनीला खुर्चीत बसायला-उठायला लावलं. म्हणाला, "ही लायनीतली वीज न्हाई. नायलॉन रेक्झिनवर घासलं की अंगात साठती. कोरड्या हवेत तर जास्तीच. बोट लावलं की आकड्यांमागची चिप जळती. कुणाच्या बी अंगात साठती, माझ्या बी. म्हणून तर गज धरला." वहिनीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं तिला फाशीतून सोडवलंय.

सुती पातळ, लाकडी स्टूल, पायाखाली ओलं पोतं, एवढं त्यानं सांगितलं. आणि पक्का इलाज म्हणून पिशवीतून तांब्याचं कडं काढलं. त्याला बारीक तार, ती जमिनीत गाडलेल्या सळईला जोडायची. मशीनला हात लावताना कडं मनगटात असलं की अंगातली वीज जमिनीत उतरते.

आई उसळलीच. "रंडकीच्या हातात कडं? भर बाजारात?"

"आई, ते काय लेणं हाय का? मशीनचं औषध हाय ते!" मी ओरडले.

"मंग पायात बांधा," मेकॅनिक म्हणाला.

"पायात तांबं? पूजेचा धातू हाय तो!"

बाबांनी मजुरीचे पैसे काढले. मेकॅनिकनं कडं पिशवीत टाकलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली, पण न्हाण आलेल्या, लग्नाला टेकलेल्या पोरीचं कोण ऐकतंय?

सुती पातळ आणि ओलं पोतं यांवर काही दिवस निभावलं. मग एका बाजाराच्या दिवशी कडाक्याची थंडी होती, वहिनीनं सकाळी स्वेटर घातला, तोही खोट्या लोकरीचा. ऊन चढल्यावर गर्दीतच काढला आणि घाईनं मशीनला हात लावला. चट्ट! आकडे गेले. फोनवर बोलणारा माणूस अर्ध्यात थांबला. बाहेरची रांग एक पाऊल मागं सरकली. त्याच आठवड्यात आईनं तिची पिशवी भरली आणि बाबा तिला कुरुंद्याला सोडून आले.

बूथवर धाकटा भाऊ बसला. मेकॅनिकनं नवीन मशीन लावलं आणि तेच कडं त्याच्या मनगटात चढवलं. आई म्हणाली, "शोभून राहिलं की रं." ते मशीन बूथ बंद होईपर्यंत चाललं.

माझं पहिलं बाळंतपण झालं, तेव्हा मी लेकरू घेऊन कुरुंद्याला गेले. वहिनी एका खळ्यावर हळद निवडत होती. मला बघून उठली, हसली आणि पहिलंच विचारलं, "मशीन चालू हाय का, ताई?"

"हाय."

"व्हय ना? मी निघाले आन् चाललं."

माझं डोकंच फिरलं. कडं, तार, धाकट्याचं मनगट, आईचं कौतुक, सगळं तिच्यापुढं ओतलं. मेकॅनिकचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ती मान हलवत होती. "बराबर हाय, ताई. तसंच असंल."

मला वाटलं, पटलं. म्हणून मी लेकरू तिच्या मांडीवर द्यायला पुढं केलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नको," ती म्हणाली, "तुमच्यापाशीच राहू द्या."