मिशीआडचा फोड

त्या दिवसांत देवापेक्षा माझा भरवसा स्वतःच्या मिशीवर जास्त होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, टक्कल डोकावू लागलेलं. चेहऱ्यावर मिरवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. शिवाय आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. म्हणजे बाबांच्या आयुष्याची राखणदारी जणू तिच्याकडेच. अशा त्या मिशीच्या आड, नाकाखालच्या पन्हळीला लागून, एका उन्हाळ्यात फोड उठला.

बायकोने रामटेकच्या रामाला साकडं घातलं आणि मला एसटीत बसवलं. एवढ्याशा फोडासाठी रामाला कशाला तसदी, असं पुटपुटत मी गेलो. पण गडाच्या पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत ओठ ठणकू लागला, अंग कसकसू लागलं. सावलीत टेकलो आणि देवाचं काम आपणच उरकावं म्हणून फोड चिमटीत धरला. तोच शेजारी दम खात बसलेल्या एका अनोळखी म्हातारीनं माझं मनगट पकडलं.

“काहून दाबून राहिला गा? माह्या देरानं असाच दाबला होता. डोया सुजला, मंग मानूस राह्यलाच नाही. दवाखान्यात जाय. राम कुठी पयून नाही जात.”

दर्शन न घेताच मी परतलो. बाबांनी मला तसंच नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावर नाकाच्या मुळापासून ओठाच्या दोन कोपऱ्यांपर्यंत बोटानं त्रिकोण काढला. इथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूकडे जातात, म्हणाले. फोड दाबला तर विष वर चढून जीवही जातो. दाबला नाही, हे नशीब. इंजेक्शनं तर लागतीलच, पण सूज कुठवर गेली ते बघायला मिशी कात्रीनं उतरवावी लागेल.

अंगात ताप फणफणत होता आणि मी अपशकुनाच्या विचारानं मिशीवर हात झाकून बसलो होतो. बाबाच पुढे झाले.

“काढा डॉक्टरसाहेब. पोरगं राह्यलं त मिशी येईन.”

बरा होऊन घरी आलो, तर माझा सपाट ओठ पाहून आळीतली माणसं पडल्या चेहऱ्यानं सांत्वनाला येऊ लागली. ओट्यावर बाबा बसलेले. “या, बसा. मीच आहो,” म्हणून ते प्रत्येकाला चहा पाजायचे.

पुढे बायकोबरोबर गडावर जाऊन राहिलेलं दर्शन घेतलं. म्हातारी काही दिसली नाही.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ते गेले तेव्हा न्हाव्यानं माझी पुन्हा वाढलेली मिशी उतरवली, आणि पन्हळीशेजारी फोडाचा राहिलेला बारीक खळगा बोटाला लागला. मी घट्ट धरून बसलो होतो, ते एकीनं मनगट धरून सोडवलं, दुसऱ्यानं स्वतःचं आयुष्य पणाला लावून. रामानं कुणाचे हात वापरले, ते मी विचारत नाही. आरशासमोर अजूनही बोट तिथं जातं. दाबत नाही, नुसतं टेकवतो.