आबांच्या नंबरवर लागलेला कॉल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसच्या दाराला बांधलेली लिंबू-मिरची पाहिली की "वाया घालवली, पिठल्यासोबत खाल्ली असती" असं म्हणणारी बाई मी... तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता थकले.

मी जळगावात एका बियाणं कंपनीसाठी कॉलिंगच्या स्क्रिप्ट लिहिते. मुली शेतकऱ्यांना फोन लावतात आणि समोरचा कागद वाचतात. त्या कागदावरचं अक्षरन् अक्षर माझं. आधी त्यात 'नमस्कार सर, आपला बहुमूल्य वेळ' असलं काहीबाही होतं. लोक ऐकायच्या आत फोन ठेवायचे. मग मी पहिलंच वाक्य बदललं — "राम राम आबा, आज वावरात जाणं झालं का?" हे वाक्य माझ्या वडिलांचं. दोंडाईच्याजवळ आमचं गाव. तिथून ते कोणालाही फोन लावला की आधी हेच विचारायचे. मी ते उचललं आणि छापलं. लोक बोलायला लागले, ते थांबेचनात. नातवाचं लग्न, सुनेचं बाळंतपण... शेवटी एक सूचना घालावी लागली: ग्राहक घरच्या गोष्टींवर गेला, की "बरं आबा, मग बोलू" म्हणून फोन ठेवावा.

ही युक्तीही घरचीच — कामात असले की वडिलांना, म्हणजे आबांना, मी नेहमी हेच म्हणायचे. गेल्या वर्षी आबांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "बेबी, तुले एक सांगानं व्हतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरं आबा, मग बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. काय सांगायचं होतं, ते आईलाही माहीत नाही.

त्यांचं सिम भावाने बंद केलं. आबा आमच्याच कंपनीचं कापसाचं बियाणं घ्यायचे, त्यामुळे नंबर मात्र ग्राहकांच्या यादीत राहिला. काढायला दोन मिनिटं लागली असती, पण हात धजावला नाही.

यंदा हंगामाच्या तोंडावर, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी संगीता माझ्या टेबलाशी आली. धुळ्याची, नवीनच लागलेली मुलगी. हसत होती.

"ताई, आज एक गोड आबा भेटले फोनवर. पहिलं वाक्य ऐकलं अन् म्हणे, 'हाई मन्ही बेबीनी लिखेल शे ना?' त्यांच्या बेबीनं लिहिलंय म्हणे. ही बेबी कोण हो?"

ऑफिसात मला सगळे ताई नाहीतर मॅडम म्हणतात. बेबी हे नाव तिथे कोणाला ठाऊक असायचं कारणच नाही. मी नंबर बघितला. आबांचाच होता.

"अजून काय म्हणाले?"

"म्हणे, ती जेवनी का? मी म्हटलं, हो आबा. मग म्हणे, 'तिले सांग...'"

"काय सांग?"

संगीता गोंधळली. "घरचा विषय निघाला ना, ताई... मी 'बरं आबा, मग बोलू' म्हणून ठेवला. कागदात तसंच लिहिलंय."

तिच्यावर ओरडणार होते, पण आवरलं. पोरीची चूक ती काय? तोच नंबर लगेच फिरवला — हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात एकट्या संगीताचा आवाज आहे. ती विचारते, थांबते, हसते, "हो आबा" म्हणते. मधल्या जागा रिकाम्या. त्या जागा मी आवाज पूर्ण वाढवून कितीदा ऐकल्या असतील... नंबर दुसऱ्या कोणाला गेला असेल म्हणून भावाकडून चौकशीही करवली. कोणालाच दिलेला नाही.

ती सूचना मी त्याच दिवशी काढून टाकली. आता कॉल लांबतात, साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत. आबांचा नंबर मी रोज एकदा लावून बघते. लागत नाही.

तुमच्यापैकी कोणाला याचा उलगडा होत असेल तर सांगा, मला होत नाही. भूत म्हणायला जीभ रेटत नाही — बाप आहे तो माझा. भीती तर अजिबात वाटत नाही. रडू येतं ते याचं, की आबांनी दोनदा सांगायला घेतलं, आणि दोन्ही वेळा फोन माझ्याच शब्दांनी ठेवला गेला.