समोरून धरलेली पात

गावाकडं गेलो की मला अजूनही एकच प्रश्न विचारतात. "गोल्फ खेळतो ते बराबर हाय, पर पोटापाण्याला काय करतो?" आधी मी चिडायचो. राग तसा माझ्या नाकावरच असतो. हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, असं मी ठासून सांगायचो. मग समोरचा माणूस माझ्याकडं इतक्या मायेनं बघायचा, की मला काहीतरी आजार झालाय आणि घरच्यांनी तो माझ्यापासून लपवलाय, असं मलाच वाटायला लागायचं. शेवटी मी शहाणा झालो. "पुण्याला कंपनीत हाय," असं सांगायला लागलो. त्यावर सगळे खूश.

आमचं गाव तीर्थपुरीजवळ. तिथून गोल्फला जायचा रस्ता माझ्या मामाच्या घरावरून गेला. मामा पुण्यात एका गोल्फ कोर्सवर गवत कापायचं मशीन चालवायचा. बारावीची परीक्षा देऊन मी त्याच्याकडं सुट्टीला गेलो आणि तिथंच अडकलो. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की मामा मला कुणीतरी टाकून दिलेली एक जुनी काठी द्यायचा. आधीचे कित्येक दिवस मी फक्त माती उडवली. मग एकदा चेंडू नीट लागला. हाताला काहीच जाणवलं नाही, एक छोटा कोरडा आवाज आला, आणि चेंडू इतका वर गेला की मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. तो आवाज पुन्हा ऐकायचा एवढ्या एका हट्टापायी मी कॉलेज सोडलं, दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या, शिकलो, आणि काही वर्षांनी व्यावसायिक खेळाडू झालो. मला याचा अभिमान आहे. लपवून काय करू?

व्यावसायिक म्हणजे कुणी फार मोठा नव्हे. वर्षभर निरनिराळ्या शहरांत स्पर्धा असतात. त्यांत खेळायचा हक्क ज्याच्याकडं असतो, त्याला कार्ड मिळालं असं आम्ही म्हणतो. ते टिकवायचं तर वर्षाच्या शेवटी यादीत वर राहावं लागतं. मी बरीच वर्षं कसाबसा वर राहिलो. मग एक वर्ष असं आलं की राहिलो नाही. कार्ड गेलं, आणि ऐन दिवाळीत मी काठ्यांची बॅग पाठीला लावून घरी आलो.

घरी माय आणि थोरला भाऊ. वडील गेल्यापासून शेत माय बघते. भावानं त्या दिवाळीच्या सुमारास तीर्थपुरीत ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं होतं. तो मला दुकान दाखवायला घेऊन गेला. टेबलामागं दोन गोल फिरणाऱ्या खुर्च्या होत्या. एकीवर तो बसला. दुसरीचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"ही तुझी," तो म्हणाला. "मी काही जबरदस्ती करून नाही राह्यलो. पर किती वर्षं फिरशील रे असा?"

तो वाईट बोलला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. जानेवारीत पुण्याला पात्रता स्पर्धा होती. तिच्यात वरचे काही जण पुन्हा कार्ड मिळवतात. आमचं ठरलं ते असं, की कार्ड मिळालं तर मी खेळणार, आणि नाही मिळालं तर मुकाट्यानं येऊन त्या खुर्चीचं प्लास्टिक काढणार. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. घरी येईपर्यंत जानेवारीला किती दिवस उरले ते दोनदा मोजलं.

सराव कुठं करायचा? आमचं सोयाबीनचं रान काढून मोकळं झालं होतं. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून तिथंच चेंडू मारायला लागलो. अडचण एवढीच होती की मला एक जुनी खोड आहे. मनात धास्ती आली की माझा चेंडू उजवीकडं वळतो. आणि उजवीकडं आमची कपाशी होती, फुटून पांढरीशुभ्र झालेली. त्यात पांढरा चेंडू गेला की तो चेंडू राहतच नाही, बोंडच होतो. मी तासन्‌तास कपाशीच्या पऱ्हाटीत वाकून शोधायचो आणि हाताला कापूस लागायचा.

पहिल्या वेचणीचा कापूस घेतलेल्या परतूरच्या व्यापाऱ्याचा एक दिवस भावाला फोन आला. भावानं मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. व्यापारी म्हणत होता, "वजनाला कापसात दगड घालणारे लई पायले. पर तुमचा दगड गोल, पांढरा, अन् वरून इंग्रजीत लिव्हलेला. एवढी मेहनत कशापायी घेता?"

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माय मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. मी पुण्याहून भगव्या रंगाचे चेंडू मागवले. ते बघून ती म्हणाली, "आता कसं बराबर! माझं कोणतं अन् तुझं कोणतं, समजंल तरी."

पुढच्या वेचणीपासून मी सकाळी मारायचं बंद करून बायांबरोबर कापसात जायचो. घरी खायचं आणि नुसत्या काठ्या फिरवायच्या, हे मलाच बरं वाटत नव्हतं. वेचताना प्रत्येकीच्या वाट्याला काही ओळी येतात, त्यांना पात म्हणतात. आपापली पात धरायची, कमरेच्या ओटीत कापूस टाकत पुढं सरकायचं. माझी पात नेहमी मागं. बाया पार पलीकडच्या धुऱ्याला पोचून पाणी पीत बसायच्या आणि मी एकटा मधोमध, पाठ धरून उभा. त्या मला चिडवायच्या. "कंपनीतले साहेब, कापूस चेंडूवानी मारायचा नसतो, वेचायचा असतो!"

पण एक गोष्ट त्या कधीच चुकवायच्या नाहीत. कुणाची पात मागं पडली की जिची आधी उरकली असेल ती दुसऱ्या टोकाहून तिच्याकडं वेचत यायची. न सांगता, न विचारता. माझ्यासाठी बहुतेक वेळा माय यायची. मी मान खाली घालून वेचत असायचो, आणि कधीतरी समोरच्या पऱ्हाटीतून तिचे हात दिसायचे. मग मला कळायचं की उरलेली पात संपली. ती शाबासकी द्यायची नाही, रागवायचीही नाही. फक्त म्हणायची, "झालं. चल, पाणी पी."

जानेवारीत स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी भाऊ मायला पिकअपमधून पुण्याला घेऊन आला. मी नको म्हणालो होतो. घरची माणसं बघायला आली की माझी धास्ती वाढते. पण मायनं मला कधी खेळताना बघितलं नव्हतं आणि तिचा हट्ट माझ्यापेक्षा मोठा आहे. त्यांना मी शेवटच्या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीजवळ झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, "माय, हितं बसून राह्य. मी फिरत फिरत हिकडंच येतो."

दिवसभर मी बरा खेळलो. शेवटचा खड्डा खेळायला आलो तेव्हा हिशेब साफ होता. पाच फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला तर कार्ड, सहा लागले तर खुर्ची. माझ्याबरोबरच्या दोघांचे चेंडू सरळ मधोमध लांब गेले. मी मारला, आणि मला तो नुसत्या आवाजावरून कळला. उजवीकडं. झाडांत.

मी झाडाखाली चेंडूजवळ पोचलो. समोर दोन खोडांमधून एक चिंचोळी फट होती. पलीकडं तळं, त्यापलीकडं हिरवळ. शहाणा माणूस चेंडू आधी बाजूला मोकळ्यावर काढतो. मला मात्र त्या फटीतून मारून सगळं एका दमात भरून काढायचं होतं. मी काठी बदलली, पुन्हा बदलली, पुन्हा पहिलीच घेतली. इतर दोघं पुढं आपापल्या चेंडूजवळ थांबून माझ्याकडं बघत होते. मी खरोखर घाबरलो होतो. त्या क्षणी मला ते खुर्चीचं प्लास्टिक स्पष्ट दिसत होतं.

आणि त्याच फटीतून मला माय दिसली.

हिरवळीकडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या मधोमध ती सरळ माझ्याकडं चालत येत होती. पदर खोचलेला. तिच्या मागं शांततेची पाटी हातात धरलेला एक माणूस धावत होता. त्याला ओरडताही येत नव्हतं, कारण शांतता राखणं हेच त्याचं काम. भाऊ लांब डोक्याला हात लावून उभा होता. वाटेत माय थांबली, वाकली, काहीतरी उचलून ओटीत टाकलं, पुन्हा चालू लागली.

मला आधी कळेचना. मग कळलं. दोघं पुढं जाऊन थांबलेत आणि पोरगा एकटा मागं राह्यलाय, हे तिनं बघितलं होतं. पात मागं पडली होती. माय समोरून आली होती.

मी हसलो. इतका मोठ्यानं हसलो की पाटीवाल्यानं आता माझ्याकडं रागानं बघितलं. तोपर्यंत त्यानं मायला गाठून प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडं नेलं होतं. मी त्या फटीकडं पुन्हा बघितलंही नाही. चेंडू गुमान बाजूला मोकळ्यावर काढला. तिसरा फटका तळ्यावरून हिरवळीच्या कडेला. तो कोरडा छोटा आवाज आला, हाताला काही जाणवलं नाही. चौथा खड्ड्याजवळ. पाचवा आत.

कार्ड मिळालं. मिळवणाऱ्यांत मी अगदी तळाला होतो, पण मिळालं. भाऊ मला मिठी मारून रडला, आणि मग लगेच म्हणाला की खुर्ची आता गिऱ्हाइकाला द्यावी लागेल.

माय दोरीजवळ गवतात बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं ओटी मोकळी केली. खेळाडूंच्या काठ्यांनी उडालेली गवताची ढेकळं होती. "एवढं चांगलं रान, अन् लोकं उकरून टाकून राह्यले," ती म्हणाली. कार्डाचं तिनं विचारलंच नाही. त्या पाटीवाल्याकडं मात्र तिनं अजून घुश्शातच बघितलं.

"मी समोरून आल्ते," ती म्हणाली. "त्या माणसानं आडवलं. न्हाई तं निम्मी पात मीच काढली असती तुझी."

मी तिच्याशेजारी बसलो आणि बॅगेतली बाटली काढून तिच्या हातात दिली.

"झालं, माय," मी म्हणालो. "पाणी पी."