आभाळ पेटलं तेव्हा आत्या उठली

आमची आत्या कुठल्याही लग्नात पहिल्या रांगेत बसायची. तिचा नवरा लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेला होता. अशा बायकांनी मांडवाच्या मागं, भांड्यांपाशी बसावं, असा देवणीकडच्या आमच्या गावात रिवाज. कुणी आडून सुचवलंच तर ती म्हणायची, "मागून दिसत न्हाई बाई मला. डोळे अधू हायत." साठीतही ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची.

माहेरी परतल्यावर तिनं गाई पाळल्या, दूध विकलं आणि माझी आई गेल्यावर मला वाढवलं. कुणी कीव केली की भडकायची. "माझं काय कमी हाय ते आधी सांगा, मग रडा," असं तोंडावर विचारायची.

माझं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला आणि उत्तरेकडून आभाळ पेटलं. हिरवट पांढरा गोळा सरसरत आला. मांडवाच्या खांबांच्या सावल्या जमिनीवरून झरझर सरकल्या. शेतांच्या वर गोळ्याचे तुकडे झाले, विझले, आणि थोड्या वेळानं मोठा गडगडाट ऐकू आला. भूकंप सोसलेल्या बायका भिंतींपासून लांब पळाल्या. गोठ्यात गाई दावी ओढू लागल्या.

"उल्का आहे, आबा," नवरदेव आपल्या आजोबांना म्हणाला.

आबांचा चेहरा उतरला होता. "काय बी असू दे. ऐन मुहूर्ताला अपशकुन झाला. आज लगीन न्हाई."

माझ्या वडिलांनी हात जोडले. आबांनी मान फिरवली.

तेव्हा आत्या उठली. "ही कशाला आता मधी?" अशी कुजबुज झाली. ती तिनंही ऐकली, पण थांबली नाही. आधी माझ्याकडं आली.

"तुला करायचं हाय का लगीन?"

तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "हाव," मी म्हणाले.

मग ती आबांसमोर उभी राहिली. "आबा, ह्या घडीला उदगिरात, निलंग्यात कुणाच्या तरी घरी लेकरू झालं असंल. त्याला अपशकुनी म्हणून टाकून द्यायचं का? मला तसंच टाकलं लोकांनी. माझ्या लग्नात तर आभाळ लख्ख होतं."

आबांनी पटका सारखा केला. "भटजी, म्हणा मंगलाष्टका."

पुढं, आत्या जाण्याच्या थोडं आधी, आबांच्या नातीचं लग्न ठरलं. आबा काठी टेकत स्वतः आत्याला न्यायला आले. नवरीला पहिली हळद तिनंच लावायची, असा त्यांचा हट्ट होता. तिनं वाटीत बोटं बुडवली. शेजारी मी उभी होते, माझी मान ताठ आणि डोळे भरलेले.

आत्यानं वळून पाहिलं. "पूस की ते," ती म्हणाली. "हळद पातळ करतीस काय?"