चूलबंद आवतन आणि चारशे प्लेटा

शाळेच्या मैदानात पाण्याचा टँकर कुठं उभा राहील आणि मंडपापासून भट्ट्या किती लांब लावायच्या, हे मी बघत होते. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा गेली.

"येत्या रविवारी विष्णूभाऊच्या लेकीचं लगीन हाय हो! समद्या गावाला चूलबंद आवतन हाय होऽऽ!"

मुलीचे वडील, म्हणजे तेच विष्णूभाऊ, माझ्या शेजारी उभे होते. माणसाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भाऊ, हे कुणी सांगितलं?"

"दादानं सांगितलं असंल," ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, अंकुशराव. गावातली शेती तेच बघतात.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी लग्नातच जेवायचं. माझी ऑर्डर घरटी एकच्या हिशेबानं होती. चारशे प्लेट, प्रत्येक प्लेटचा रेट ठरलेला. आता चारशेचे हजार होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी केटरर असती तर खूश झाली असती. प्लेटा वाढल्या की बिल वाढतं, धंदाच तो. पण विष्णूभाऊ ऑर्डर द्यायला जालन्याला माझ्या ऑफिसात आल्ते, ते मला आठवत होतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये नोकरी. दोन मुली. थोरल्या शीतलचं लग्न, धाकटी पूजा नर्सिंगला निघालेली. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले होते, "ताई, एवढ्यातच बसवा. पूजाची फी बाजूला काढून ठेवलीय. तिला हात लावायचा न्हाई." माझ्याकडं येणारे बहुतेक वधूपिते छाती फुगवून 'होऊ द्या खर्च' म्हणतात आणि लग्नानंतर फोन उचलत नाहीत. हा माणूस वेगळा होता. मला फार बरं वाटलं होतं.

आम्ही तडक अंकुशरावांच्या ओसरीवर गेलो.

"दादा, घरटी एक ठरल्तं ना आपलं?" विष्णूभाऊंनी विचारलं. आवाज असा की जणू चूक यांचीच.

"तू ठरवल्तं. मी न्हाई," अंकुशराव म्हणाले. "कामून रं? माझ्या पोराच्या लग्नाला गाव चूलबंद होतं. अन् तुझ्या पोरीला घरटी एक? लोक म्हणतील, जालन्याला गेला अन् मन बारीक झालं."

"पण खर्चाचं..."

"त्यात काय! पूजाची फी हाय ना. पुढच्या साली जाईल की ती कॉलेजात. नर्सिंग काय पळून चाललं?"

पूजा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. विष्णूभाऊ जमिनीकडं बघत बसले. थोरल्या भावापुढं मान वर करायची सवयच नव्हती त्यांना. मला भयंकर राग आला. पण ऑर्डर घेणाऱ्या बाईनं पार्टीच्या घरात राग दाखवायचा नसतो, म्हणून मी चहा प्यायले.

आवतन मागं घेता येत नव्हतं. भोंग्यावरून बोलावलेल्या माणसाला 'येऊ नका' कोण म्हणणार? तसं केलं असतं तर शीतलला माहेरी यायची चोरी झाली असती. म्हणजे माणसं कमी होणार नव्हती. कमी करायचा तो जेवणाचा थाट.

"अंकुशराव," मी म्हटलं, "माझं माहेर टेंभुर्णीचं. आमच्याकडं चूलबंद असलं की बायका पोळपाट-लाटणं घेऊन सकाळीच मांडवात यायच्या. घरी चूल नाही म्हणजे हात रिकामेच. पोरं वाढायला असायची. तुमच्या गावात ती रीत बंद पडली वाटतं?"

"बंद? काय बोलून राह्यल्या ताई! आमच्या गावात बिलकुल चालू हाय!"

"मंग झालं. पुऱ्या लाटणारं आणि वाढपी मी जालन्याहून आणत नाही. प्लेटचा रेटही सोडते. मजुरीवर करते."

मजुरीवर म्हणजे किराणा घरच्यांनी भरायचा. केटररनं फक्त आचारी, भांडी आणि स्वतःची अक्कल द्यायची. यात आमचा नफा निम्म्यावर येतो. पुढं मी पेन काढून मेनूला कात्री लावली. चाट काउंटर गेला. पनीर, आइस्क्रीम, वेलकम ड्रिंक गेलं. राहिली पुरी, वांगं-बटाट्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. बुफे नाही. सरळ पंगत.

"अन् नवरदेवाकडचे अंबडचे पाव्हणे?" अंकुशराव उसळले. "त्यांना काय वांगं वाढता? चाट तरी ठेवा. विष्णू, सांग ना ह्यांना!"

विष्णूभाऊंनी मान वर केली.

"दादा, आवतन तुमी दिलं. तुमचा शब्द मी खाली पडू देत न्हाई, गाव जेवंल. पण चाट न्हाई. अन् पूजाची फी भी न्हाई."

अंकुशरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग घुश्शातच म्हणाले, "गहू बाजारातून आणू नको. तूरडाळ भी. माझ्या घरात काय कमी हाय का?"

मला हसू आलं. माणूस वाईट नव्हता हो, नाकाचा शेंडा तेवढा मोठा.

लग्नाच्या दिवशी सकाळी बायका आल्या, आणि मी धास्तावले. एवढी लाटणी एका जागी मी कधी बघितली नव्हती. माझा आचारी वैतागला, "ताई, ह्यांच्या गप्पा जास्त, पुऱ्या कमी!" पण तेल तापलं आणि हात जल्दी जल्दी चालायला लागले. पोरांनी वाढताना दोन पंगतींना वरणाआधी बुंदी वाढली. कुणाचं काही बिघडलं नाही. अंबडच्या पाव्हण्यांपैकी एक आजोबा भाजी तिसऱ्यांदा मागत होते. चाटची आठवण कुणी काढली नाही.

शेवटच्या पंगतीला भाजी संपली. मी झुणका टाकला. शीतल, तिचा नवरा आणि घरचे त्याच पंगतीला होते. नवरदेवानं बोटं चाटली, तेव्हा शीतलची आई सकाळपासून पहिल्यांदा हसली.

मिरवणुकीत बँडवाल्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वाजवलं आणि वरचे पैसे मागायला आले. अंकुशरावांनी सवयीनं भावाकडं बघितलं. विष्णूभाऊ म्हणाले, "दादा, थांबू नका म्हणून तुमीच सांगितल्तं त्यांना." अंकुशरावांनी पुटपुटत स्वतःच्या खिशात हात घातला.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं हिशेब बघितला. "तुझं केटरिंग आहे का अन्नछत्र?" मी म्हटलं, जेवण वाढू का नको?

आठवड्यानं माझ्या राहिलेल्या मजुरीसाठी मी विष्णूभाऊंना फोन लावला. मागं गलका ऐकू येत होता.

"ताई, संध्याकाळी आणून देतो. आत्ता लाइनीत उभा हाय, पूजाच्या कॉलेजात. आमच्या पुढं दोनच माणसं हायेत."

"माझं राहू द्या," मी म्हटलं. "पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका."

हल्ली कुणी लग्नाचं बजेट घेऊन आलं की मी मेनूकार्ड लगेच पुढं करत नाही. आधी विचारते, घरात 'न्हाई' कोण म्हणणार? ते ठरलं नसेल तर चहा पाजते आणि परत पाठवते.