अस्वलाच्या वाटेवरचा डबा

"अस्वल दिसेल ना?" असं कुणी विचारलं की काका डोक्यावरची टोपी काढायचे, उत्तर आत ठेवल्यासारखे तिच्यात डोकावायचे आणि म्हणायचे, "त्याला विचारलं नाही बाप्पा अजून."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी अमेरिकेतल्या हर्नडन गावची. स्वयंपाकघरातून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेत सुरुवात केली आणि इथे मुलांकडे आलेल्या आईवडिलांना फिरवून आणण्याचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही उचलत नाही. अलास्काची ती माझी पहिली ट्रिप. व्हॉट्सॲपवर मोठ्या अक्षरांत लिहून बसले होते, 'अस्वल दाखवणारच.' अस्वल दिसलं नसतं तर हर्नडनमध्ये पुन्हा माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

"काका, किमान एक अस्वल तरी लिहून द्या," मी फोनवर म्हटलं.

"ताई, सही कोण करणार? मी का तो?"

काका तिथले आमचे गाइड, मूळचे भंडाऱ्याकडचे. कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेत आले, आठवडाभराच्या रजेवर अलास्का बघायला गेले आणि परतायचं राहूनच गेलं. छोट्या विमानाने तळ्यावर उतरायचं, तिथल्या लाकडी लॉजमध्ये राहायचं आणि सकाळी काकांच्या मागे नदीवर जायचं, असा कार्यक्रम.

त्यांच्याबरोबर चालणं ही मोठी गंमत होती. ओल्या वाळूत अस्वलाचा पंजा उमटलेला दिसला की ते त्याच्या शेजारी स्वतःचा तळवा टेकवायचे. तो अगदी लहान मुलाचा वाटायचा. काठावर अर्धवट खाल्लेले सामन मासे पडलेले असायचे. "माल भरपूर असला की हा फक्त मलई खाते," ते सांगायचे. "कातडी, डोकं, अंडी. बाकीचं पक्ष्यांना." पिल्लांची आई पाण्यात उतरण्याआधी वारा का हुंगते, नर जवळ आला की पिल्लं झाडावर कशी चढतात, असं सगळं ते शेजाऱ्याच्या घरातलं सांगावं तसं सांगत. आपण अचानक समोर आलो तर अस्वल दचकतं, म्हणून वाटेने मोठ्याने बोलत राहायचं, असाही नियम होता. या एका नियमात आमची माणसं कधी कमी पडली नाहीत.

दुसरा नियम कडक होता. "खाण्याचं सगळं या लोखंडी पेटीत टाका. एक गोळीसुद्धा खिशात नको." सगळ्यांनी लाडू, चिवडा, खाकरे टाकले. मीही टाकले. पर्समध्ये सुकटीच्या चटणीचा छोटा स्टीलचा डबा मात्र राहू दिला. तुम्हीच सांगा, चटणीला कुणी खाणं म्हणतं का? ती तोंडी लावण्यापुरती. दुपारच्या त्या फिक्या सँडविचबरोबर लागणारच होती.

नदीचं वळण शंभर पावलांवर आलं. पलीकडून पाण्यात काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला, मग पिल्लाचा बारीक चिरका सूर. सगळ्यांनी मोबाइल काढले. वारा आमच्या पाठीकडून नदीकडे वाहत होता. काकांनी हात वर केला, मान वळवली, नाक फुलवलं.

"परत."

"काहून परत?" नागपूरचे एक आजोबा त्यांच्याच बोलीत विचारते झाले.

"वारा फिरला, बाबूजी."

दुपारनंतर धुकं उतरलं. दुसऱ्या दिवशी विमान येईपर्यंत ते हललं नाही. अस्वल कुणालाच दिसलं नाही. मी काकांना लॉजच्या मागे गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. माझं नाव तुम्ही मातीत घातलंत, इथपर्यंत. त्यांनी हात पुढे केला.

"ताई, पर्स."

डबा उघडून त्यांनी एकदाच हुंगला. डोळे मिटले. "झिंग्याची. आई करायची." बोटसुद्धा न बुडवता त्यांनी झाकण लावलं. "असाच एक डबा एका अस्वलाला सापडला होता. मग त्याला माणसाची बॅग कळायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात एका तंबूत शिरला. गोळी घालावी लागली. पिल्लू होतं तेव्हापासून ओळखत होतो मी त्याला."

"मग तिथेच सांगायचं ना! मला का ओरडू दिलंत?"

"तुमच्या माणसांसमोर? तुमचा धंदा आहे ताई."

माझा राग तिथे विझायला हवा होता. पण त्यांनी डबाच जप्त केला! पुढे दर उन्हाळ्यात माझ्या प्रत्येक ग्रुपसमोर तो उंच धरून सांगायचे, "एका बाईंनी हा अस्वलाच्या वाटेवर आणला होता." लोक हसायचे. मी शेजारी उभी राहून दात आवळायची. त्यांनी कधी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"डबा द्या," मी दरवर्षी भांडायची.

"पुढच्या साली."

आयुष्यात हरलेला माझा हा एकच सौदा. अस्वलं मात्र पुढे पुष्कळ पाहिली. एका आजींनी तर पिल्लांकडे बघून कानशिलावर बोटं मोडली.

यंदा लॉजवर गेले तर काका नव्हते. हिवाळ्यात झोपेतच गेले. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी डबा माझ्या हातात दिला. "यावरून भांडणाऱ्या बाईंना द्या, असं म्हणाले होते." घासूनपुसून चकचकीत. उघडून हुंगला. आत काही नव्हतं, वाससुद्धा. मला असा संताप आला! रिकामा डबा परत करू नये, एवढं भंडाऱ्यात कुणी शिकवलं नव्हतं का?

सकाळी नवी गाइड पेटी उघडून उभी राहिली. मी डबा वर धरला.

"हा डबा एका बाईंनी..." सगळे बघत होते. "मी आणला होता. अस्वलाच्या वाटेवर."

कुणी हसलं नाही. मग मागच्या एका काकूंनी हळूच पर्सची चेन ओढली आणि लिंबाच्या लोणच्याची पुडी काढून माझ्या डब्यात ठेवली.

"लोणचं म्हणजे काही खाणं नव्हे, म्हणून हो..." त्या म्हणाल्या.

मी झाकण लावलं, डबा पेटीत ठेवला आणि कडी घातली.