सासूबाईंनी काढलेली डिस्क

माझं काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, डिस्कशी बोलणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो त्यातल्या चुका दुरुस्त करण्याचं. ते मी कोकणात, पिंगुळीच्या घरातून करते. कोणा परदेशातल्या वापरकर्त्याने तक्रार पाठवली होती: कॉपी चालू असताना बाहेरची डिस्क काढली की कधीकधी अख्खं मशीन अडकतं. कोड वाचून मला संशय आला होता. डिस्क गेल्यावर ड्रायव्हर आपली मेमरी परत करतो, पण मागे राहिलेलं एखादं काम त्याच जागेत लिहीत राहतं. जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली असते. मात्र माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे काही केल्या घडेना.

सासूबाई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. काजू सोलता सोलता त्या बघत होत्या.

"सकाळधरून ह्या काय करतंस गो? लावतंस नि काढतंस."

मी सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "दी हकडे, मी काढतंय."

संधिवातामुळे त्यांची बोटं नीट वळत नाहीत. मी झटक्यात ओढायची; त्यांनी वायर हलवत हलवत, हळूहळू काढली. डिस्क मध्येच सुटली, पुन्हा जोडली गेली, परत सुटली. स्क्रीन जागच्या जागी थिजली.

"मोडला काय माझ्या हातान?"

"नाय ओ आई, सापडला."

त्यांना आणखी दोनदा काढायला लावली. दोन्ही वेळा तेच झालं.

दुरुस्ती छोटीच निघाली. राहिलेली सगळी कामं संपेपर्यंत थांबायचं, मगच मेमरी सोडायची. नवीन कर्नेल घालून मी डिस्क पुन्हा त्यांच्या हाती दिली. त्यांनी जेवणाची वेळ होईपर्यंत काढघाल केली. मशीन चालूच राहिलं. त्या थोड्या हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

दुरुस्तीखाली तिची चाचणी घेणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. तिथे मी त्यांचं नाव टाकलं. कोण वाचतलो ह्या नाव, असं त्यांनी विचारलं. हा कोड उघडणारा प्रत्येकजण, मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आल्या आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर दाखवलं.

"घालतंस तर बरोबर घाल."

मी ते सुधारून दुरुस्ती कर्नेल सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. मध्येच काही बिघडलं तर कोडने सगळं आवरून मागे कसं फिरायचं, हे एका ठिकाणी माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. त्यांनी ते दाखवलं, मी दुरुस्त केलं. काही आठवड्यांनी कोड मान्य झाला, सासूबाईंच्या नावासकट. मी त्यांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी आधी स्पेलिंग पाहिलं.